नवख्याचा पहिला प्रश्न

हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली ज्या संगणकप्रणालीचा गाभा लिहिला, ती लिनक्स आज कोणासही विनामूल्य घेता, बदलता व वाटता येते. परंतु किंमत शून्य म्हणजे शिकण्याचा खर्च शून्य नव्हे. तो वाटून घेण्यासाठीच पुण्यासारख्या शहरांत लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळे निघाली. अशा मंडळाची कसोटी नवख्याच्या पहिल्या प्रश्नाशीच लागते. पैठणला आम्ही बैठक भरवली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, पासवर्ड लिहितो, पण काळ्या पडद्यावर अक्षरे उमटतच नाहीत, यंत्र बिघडले का?’ जाणते हसले. (शंका माझीही तीच होती; मी गप्प राहिलो.) शेजाऱ्यास अक्षरांची संख्याही कळू नये म्हणून ती दडवलेली असतात, हे सांगण्यास अर्धे मिनिट पुरले असते. पुढच्या बैठकीस जाणते सगळे हजर होते. तो विद्यार्थी आला नाही.