खुब्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया क्वचित अयशस्वी का ठरते?

पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवर अथवा न्हाणीघरात पाय घसरून वृद्धांचा खुबा मोडणे, हे रत्नागिरी जिल्ह्यातील परिचित दुःख आहे. शस्त्रक्रियेने जोडलेले हाड काही रुग्णांत पुन्हा सरकते. "एवढे करूनही असे का?" हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे.

पहिले कारण रक्तपुरवठ्याचे. मांडीच्या हाडाची मान मोडून सरकली, तर त्याच्या गोल डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना इजा होते. मग स्क्रू उत्तम बसूनही हाड जुळत नाही वा डोके निर्जीव होते. म्हणूनच वृद्धांत अशा वेळी बहुधा कृत्रिम सांधा बसवितात.

दुसरे कारण ठिसूळपणाचे. मानेखालच्या अस्थिभंगात प्लेट वा नेल वापरतात. परंतु ठिसूळ हाडात पकड सुटून स्क्रू डोक्याबाहेर येऊ शकतो. स्क्रूचे टोक डोक्याच्या शिखरापासून, दोन एक्स-रेंतील अंतरांची बेरीज धरून, २५ मिलिमीटरच्या आत असल्यास हा धोका पुष्कळ घटतो, असे १९९५ साली अमेरिकेतील बाउमगार्टनर व सहकाऱ्यांनी दाखविले.

कुटुंबाचाही वाटा मोठा आहे. मुंबईहून मुलगा येईपर्यंत थांबू नये. दुखरा भाग चोळू नये. शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत व्हावी. त्यानंतर हाडे बळकट करणारे उपचार चालू ठेवावेत. जांघेतील वेदना वाढल्यास वा पाय आखूड वाटल्यास तत्काळ दाखवावे. वेळीच लक्षात आलेले अपयश पुष्कळदा दुसऱ्या शस्त्रक्रियेने सावरता येते.