मुंबई जळत असताना भिवंडी शांत कशी राहिली?

६ डिसेंबर १९९२ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन फेऱ्यांत सुमारे ९०० माणसांचे जीव गेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. त्या दिवसांत अनेकांचा जीव टांगणीला लागला होता तो ठाण्यापलीकडच्या भिवंडीसाठी. कुठे खुट्ट झाले की भिवंडीत भडका उडणार, हे महाराष्ट्राने गृहीतच धरले होते. त्या वेळी मात्र भिवंडीत दंगल झाली नाही.

भिवंडीचा लौकिक उगाच झालेला नव्हता. मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून पेटलेली दंगल जळगाव आणि महाडपर्यंत पोचली. तिची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर कडक ताशेरे ओढले. मे १९८४मध्ये पुन्हा तेच घडले. घरे जळाली, कारखाने जळाले, माणसे मारली गेली. त्यानंतर शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर विश्वास उरला नाही आणि पोलिसांवर तर कुणाचाच नाही.

हे गाव यंत्रमागाचे. पत्र्याच्या शेडमध्ये रात्रंदिवस मागांची खटखट चालते. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, मूळचे कोकणी मुसलमान, आसपासच्या गावांतले आगरी, गुजराती आणि मारवाडी सुताचे व्यापारी अशी सगळी इथे एकाच धंद्यावर जगतात. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, त्यावर राबणारे हात तिसऱ्याचे. दंगल झाली की परप्रांतीय कामगार गावी निघून जातो, माग थांबतो आणि नुकसान सगळ्यांचेच होते. धंद्यात एकमेकांवाचून अडणारी ही माणसे कामाबाहेर मात्र एकमेकांना फारशी भेटत नव्हती. धंद्याची गरज दोनदा दंगल थोपवू शकली नव्हती, याचे एक कारण या तुटलेपणात होते.

सुरेश खोपडे १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले. दंगल झाल्यावर बंदोबस्त वाढवणे ही पोलिसांची नेहमीची रीत. खोपड्यांनी आधी १९८४च्या दंगलीचा अभ्यास केला आणि मग मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. शांतता समिती तोवर नव्हती असे नाही. ती प्रत्येक पोलीस ठाण्यात असते. सण तोंडावर आला की गावातल्या पुढाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना बोलावणे जाते, चहा होतो, सलोख्याची भाषणे होतात आणि मंडळी पांगतात. गल्लीत ज्यांचा शब्द चालतो आणि ज्यांची डोकी भडकतात, ती माणसे त्या बैठकीत नसतातच.

खोपड्यांनी शहरभर सुमारे ७० कमिट्या नेमल्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान सारख्याच संख्येने. सदस्य त्याच मोहल्ल्यातले, रोजच्या वावरातले. गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेल्यांना प्रवेश नाही. रोज त्या भागात फिरणाऱ्या पोलिसांनाही या कामात ओढले गेले. ज्याची ओळख एरवी फक्त काठीपुरती होती, तो शिपाई आता सतरंजीवर लोकांच्या बरोबरीने बसू लागला.

बैठकांत धर्माची चर्चा क्वचितच होई. विषय असत ते नळाच्या रांगेतल्या भांडणाचे, तुंबलेल्या गटाराचे, पोराटोरांच्या मारामारीचे, घरातल्या मारझोडीचे. खोपड्यांच्या योजनेचे मर्म इथेच आहे. नळावर दोन बायकांची बाचाबाची झाली आणि एक हिंदू, दुसरी मुसलमान असली, तर संध्याकाळपर्यंत ते भांडण दोन जमातींचे होऊ शकते. तेच भांडण दोन्हीकडच्या चार ओळखीच्या माणसांसमोर मिटले, तर ते नळापुरतेच राहते. असे तंटे एकत्र सोडवता सोडवता माणसे एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. पोलिसांकडे गेल्यावर आपले ऐकून घेतले जाते, याचाही लोकांना अनुभव आला.

१९९२च्या डिसेंबरात या ओळखीचा कस लागला. दंगलीआधी अफवा पसरते. मंदिर फोडले, मशीद जाळली, अमक्या गल्लीत पोरगी पळवली. एरवी अशी बातमी तपासायला कुणाकडे जायचे हेच लोकांना ठाऊक नसते. भिवंडीत पलीकडच्या गल्लीतला कमिटीवाला ओळखीचा होता आणि शिपाईही. खोपड्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी कमिट्यांचे काम चालू ठेवले होते. शेजारची मुंबई धुमसत असताना हे शहर शांत राहिले. पुढे राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगली आणि नागरी जीवनावरच्या आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. स्वतः खोपड्यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर घेतला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतली तरुण मुले यांना जवळ आणण्यासाठी क्रिकेटचे सामनेही भरवले गेले.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी हे काम अंगावर घेतले. वकार खान तयार कपड्यांच्या धंद्यातले. त्यांनी चार लहान मुलांना हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती असे वेश चढवले, त्यांचा एकत्र फोटो काढला आणि ‘हम सब एक हैं’ म्हणणारे पोस्टर छापले. जिथे दंगलीत घरे जळाली होती, त्याच शहराच्या भिंतींवर ही चार पोरे झळकली. या दोघांच्या मैत्रीवर अंजली माँतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३मध्ये ‘नाता’ हा माहितीपट केला.

भिवंडीची कथा इथे संपवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. जुलै २००६मध्ये कब्रस्तानालगतच्या एका जागेवर पोलीस ठाणे बांधण्याचे काम सुरू झाले. त्या जागेवरून वाद होता. विरोध करणारा जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबारात दोघे ठार झाले. त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांची हत्या केली. ही हिंदू-मुसलमान दंगल नव्हती. तुटला होता तो लोक आणि पोलीस यांच्यातला धागा, म्हणजे ज्यावर १९८८चा सारा प्रयोग उभा होता तोच. जागेसारख्या नाजूक प्रश्नावर दोन्ही बाजू वेळीच एका सतरंजीवर बसल्या असत्या, तर चार जीव वाचण्याची शक्यता नक्कीच होती.

अशा कामाचे दुखणे हेच की ते बहुतेक वेळा एखाद्या अधिकाऱ्याच्या उमेदीवर चालते. त्याची बदली झाली, पुढच्याला त्यात रस नसला, की बैठका लांबतात आणि मग नुसती सदस्यांची यादी उरते. थांबलेल्या दंगलीची नोंद कुठल्याच वार्षिक अहवालात होत नाही, त्यामुळे बढतीच्या वेळी ती कुणी मोजतही नाही. खोपड्यांच्या प्रयोगाचे कौतुक खूप झाले. राज्यातल्या प्रत्येक संवेदनशील शहरात तो कायमचा रुजवण्याची जबाबदारी मात्र सरकारने पुरेशा गांभीर्याने घेतली नाही, ही मोठी चूक आहे.

तोवर नागरिकांना करता येण्याजोगे एक काम आहे. आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात शांतता समितीवर कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, याची चौकशी करा. त्या यादीत आपल्या गल्लीतले, दोन्ही बाजूंचे, रोजच्या वावरातले कुणी नसेल, तर तशी माणसे घेण्याचा आग्रह धरा. आणि हे सण तोंडावर येण्याची वाट न पाहता करा.