मोजणीचे टॅबलेट आणि हद्दीचा दगड

३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, हा साखळीचा हिशेब आपणांस ठाऊकच आहे. मोजणीत आता साखळी व शंकू यांच्या जागी उपग्रहाच्या आधारे चालणारा रोव्हर व त्यास जोडलेले दणकट टॅबलेट येत आहे. बिंदूचे स्थान काही सेंटिमीटरच्या फरकाने मिळते व त्याची नोंद जागेवरच होते. मात्र दाट निंबाखाली उपग्रहाचा संकेत क्षीण होतो आणि वैशाखाच्या उन्हात टॅबलेट तापून बंद पडू शकते. म्हणून काम सकाळीच उरकावे.

तथापि यंत्र जेथे टेकवाल तेथलीच नोंद घेते. देवपुराकडील पांझरेकाठच्या शिवारात पुराने वा नांगराने दगड सरकला असल्यास, तो मूळ नकाशाशी ताडून न पाहता घेतलेली चूकही तितकीच अचूक उतरेल! एका वितीच्या बांधापायी भाऊबंदकी कोर्टापर्यंत जाते. हद्दीच्या खुणा शाबूत राखण्याची जबाबदारी जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये खातेदाराचीच आहे. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांसह बांधावर हजर राहावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी टॅबलेटवरील गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून सर्वांस मोठ्याने वाचून दाखवावा.