बियाणे खोलीतील डीह्युमिडिफायर : आर्द्रता सेन्सर बिघडला हे कसे ओळखावे?

कांद्याचे घरचे बियाणे एप्रिल-मे महिन्यात डोंगळे काढून तयार होते. रब्बी कांद्याची रोपवाटिका मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकली जाते. मधला सगळा पावसाळा बियाणे घरात काढते. हवेतील ओलाव्यापासून ते वाचावे म्हणून काही बीजोत्पादक शेतकरी व गट साठवण खोलीत घरगुती डीह्युमिडिफायर (हवेतील ओलावा काढणारे यंत्र) लावतात. हे यंत्र कधी चालू व्हायचे आणि कधी थांबायचे, हे त्यातील आर्द्रता सेन्सर ठरवतो. सेन्सरच चुकीचा आकडा दाखवू लागला, तर पडद्यावर ४५ टक्के दिसत असताना खोलीत प्रत्यक्षात ६५ टक्के आर्द्रता असू शकते. ही चूक लक्षात येते ती रोपवाटिकेत बी विरळ उगवल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आर्द्रतेचा बियाण्यावर काय परिणाम होतो?

बी सभोवतालच्या हवेतून ओलावा घेते किंवा हवेला देते. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के असेल तर कांदा बियाण्यातील ओलावा साधारण ९ ते १० टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ६० टक्के झाली की तो ११ टक्क्यांच्या आसपास, तर ७५ टक्के झाली की १३ टक्क्यांच्या पुढे जातो. प्रमाणित कांदा बियाण्यासाठी ओलाव्याची कमाल मर्यादा साध्या पिशवीत ८ टक्के आणि हवाबंद पॅकिंगमध्ये ६ टक्के आहे. उगवण किमान ७० टक्के असावी लागते. म्हणजे बियाणे आधी नीट वाळवणे गरजेचेच आहे. यंत्र फक्त ते पुन्हा ओले होण्यापासून वाचवते.

बियाणे शास्त्रातील हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम असा आहे, की ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने कमी केला की त्याचे साठवण आयुष्य सुमारे दुप्पट होते. ओलावा वाढला तर हाच हिशेब उलटा लागतो.

बिघाडाची लक्षणे

- पाऊस असो वा ऊन, दार उघडे असो वा बंद, पडद्यावरील आकडा तोच राहतो.
- आकडा काही सेकंदांत १५-२० टक्क्यांनी वरखाली होतो.
- बाहेर झड लागलेली असताना यंत्र लगेच थांबते आणि टाकीत पाणी साचत नाही.
- खोली कोरडी होऊनही यंत्र थांबत नाही.
- पडद्यावर त्रुटीचा संकेत येतो. त्याचा अर्थ यंत्रासोबतच्या पुस्तिकेत पाहावा.

सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवत असेल तर यंत्र विनाकारण चालते आणि वीजबिल वाढते. तो कमी आकडा दाखवत असेल तर यंत्र लवकर थांबते आणि बियाणे ओलावते. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण यंत्र शांत असल्याने सगळे ठीक आहे असे वाटते.

सेन्सरला दोष देण्यापूर्वी हे तपासा

- वीज गेली होती का? अनेक यंत्रे वीज परत आल्यावर बंदच राहतात किंवा आधीचे सेटिंग विसरतात. भारनियमनाच्या भागात हे पहिले तपासावे.
- व्होल्टेज कमी आहे का? अशा वेळी पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही.
- टाकी व तरंगता स्विच : टाकी भरलेली, वाकडी बसलेली किंवा स्विच अडकलेला असेल तर यंत्र थांबते.
- हवेची जाळी : बियाण्याच्या फोलपटाने ती लवकर बंद होते. हवा आत गेली नाही तर पाणी काढणार कोठून?
- दार, खिडकी, पत्र्याच्या फटी, ओली फरशी : बाहेरची दमट हवा सतत आत येत असेल तर चांगले यंत्रही थांबणार नाही.
- सतत चालण्याचे बटण : हे दाबलेले असेल तर यंत्र सेन्सरचे ऐकतच नाही.

कॉम्प्रेसर नुकताच थांबला असेल तर आतील ओल्या नळ्यांमुळे आकडा थोडा वेळ वाढलेला दिसतो. १५-२० मिनिटे थांबून मगच वाचन घ्यावे.

मिठाची चाचणी : आधी मापक तपासा

सेन्सर खरा की खोटा हे ठरवण्यासाठी वेगळा डिजिटल आर्द्रतामापक लागतो. तोही चुकू शकतो, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्यावी. मिठाच्या संपृक्त द्रावणावरील बंद हवेची आर्द्रता २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ७५ टक्केच राहते. याचा उपयोग असा करावा :

१. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे. थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करावे. मीठ पूर्ण विरघळू देऊ नये.
२. झाकण आणि मापक हवाबंद बरणीत किंवा झिपलॉक पिशवीत ठेवावेत. मीठ मापकाला लागू देऊ नये.
३. बरणी उन्हापासून दूर, सावलीत ८ तास ठेवावी आणि न उघडता आकडा वाचावा.
४. मापक ७० दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक वाचनात ५ मिळवावेत. ८० दाखवत असेल तर ५ वजा करावेत. फरक १० पेक्षा जास्त असेल तर तो मापक वापरू नये.

यंत्राच्या सेन्सरची तपासणी

१. यंत्र चालू ठेवून तपासलेला मापक हवा आत ओढणाऱ्या जाळीपासून वीतभर अंतरावर ठेवावा. गरम हवा बाहेर पडते त्या बाजूला ठेवू नये.
२. दार बंद करून एक तासाने दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा वाचन घ्यावे.
३. नंतर घट्ट पिळलेले ओले फडके जाळीसमोर काही मिनिटे धरावे. जाळीला ते टेकवू नये. सेन्सर जिवंत असेल तर आकडा वर चढतो आणि फडके काढल्यावर हळूहळू उतरतो.

निष्कर्ष असा काढावा :

- फरक ५ टक्क्यांपर्यंत : सेन्सर ठीक आहे. घरगुती यंत्रात एवढा फरक चालतो.
- फरक ५ ते १० टक्के आणि रोज सारखाच : आधी सफाई करावी. तरीही फरक राहिला तर सेटिंग तेवढे बदलावे. उदा. यंत्र ८ टक्के कमी दाखवत असेल आणि खोलीत ४५ हवे असतील, तर सेटिंग ३७ च्या आसपास ठेवावे.
- फरक १० टक्क्यांहून जास्त, रोज बदलणारा, किंवा आकडा हलतच नाही : सेन्सर, त्याची वायर किंवा जोडणी खराब आहे.

सफाई आणि दुरुस्ती

प्लग काढल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. जाळी पाण्याने धुवून पूर्ण वाळवावी. सेन्सर बहुतेक यंत्रांत हवा आत येण्याच्या वाटेवर लहान छिद्रांच्या झाकणामागे असतो. त्यावरील धूळ मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झटकावी. पाणी, स्पिरिट किंवा सफाईचा फवारा वापरू नये. सेन्सरवरील पातळ थर त्याने बिघडतो.

कीटकनाशके, बीजप्रक्रियेची औषधे व रंग यांची वाफही या थरावर बसते. म्हणून अशा वस्तू बियाण्याच्या खोलीत ठेवू नयेत.

यंत्राचे आतील झाकण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. वॉरंटी असेल तर अधिकृत सेवा केंद्रातच दाखवावे. सेन्सर बदलताना यंत्राचा मॉडेल क्रमांक जुळवूनच सुटा भाग घ्यावा. दिसायला सारखा, पण वेगळ्या प्रकारचा सेन्सर बसवला तर आकडा पुन्हा चुकतो.

दुरुस्ती होईपर्यंत यंत्र सतत चालण्याच्या सेटिंगवर ठेवून, पाण्याची नळी बाहेर सोडून, तपासलेल्या मापकाकडे पाहून चालू-बंद करावे.

वजनकाटा हा दुसरा साक्षीदार

खोलीतील एका कापडी पिशवीत बरोबर १० किलो बियाणे भरून त्यावर तारीख लिहावी आणि दर आठवड्याला पिशवीचे वजन करावे. बियाण्यातील ओलावा ८ वरून १० टक्के झाला तर वजन सुमारे २२० ग्रॅमने, आणि १२ टक्के झाला तर सुमारे ४५० ग्रॅमने वाढते. पडद्यावर ४५ दिसत असताना आठवड्यामागून आठवडा वजन चढत असेल, तर पडद्यावर नव्हे, काट्यावर विश्वास ठेवावा.

बियाणे ओलावले असेल तर

बियाणे पातळ थरात, हवेशीर सावलीत पसरून वाळवावे. दुपारच्या कडक उन्हात तापलेल्या फरशीवर टाकू नये. त्यानंतर सरसकट १०० बिया मोजून ओल्या कागदात उगवण चाचणी घ्यावी. बारकी किंवा फुटकी बी निवडून काढू नये. सहाव्या दिवशी पहिली आणि बाराव्या दिवशी शेवटची मोजणी करावी. उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी आली तर ते बियाणे विकू नये. स्वतःच्या रोपवाटिकेसाठी वापरायचे असल्यास उगवणीच्या प्रमाणात बियाण्याचे प्रमाण वाढवावे.

मिठाची चाचणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा करावी. बियाणे खोलीत भरण्याआधी यंत्राचा आकडा तपासून घेतला, तर पुढचे चार महिने त्यावर भरवसा ठेवता येतो.