सुटीत कामाचा भुंगा थांबत का नाही?

पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. सुटीच्या पहिल्याच रात्री राहून गेलेली मेल आठवते, ती कदाचित यामुळेच. दिलासा असा, की ही आठवण थांबवण्यासाठी काम तिथल्या तिथे संपवावं लागत नाही. ‘सोमवारी अकरा वाजता अकाउंट्सला फोन, मग बिल पुढे पाठवायचं’ इतकं नेमकं ठरवलं, तरी मनाची टोचणी कमी होते, असं संशोधक मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसलं. नुसतं ‘बघू नंतर’ म्हणून भागत नाही. रजेवर जाण्याआधीची दहा मिनिटं हे कागदावर लिहून काढण्यासाठी राखून ठेवाच.

पण साहेबांचाच मेसेज आला तर? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर ‘संपर्काबाहेर राहण्याचा हक्क’ कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तो दिला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा वरिष्ठांनो, रजेवरच्या माणसाला फोन लावण्याआधी विचारा: हे खरंच सोमवारपर्यंत थांबणार नाही का?