खापरपणजीचं नाव

नाशिकच्या रामकुंडाच्या पायऱ्यांवर रोज सकाळी एक प्रश्न ऐकू येतो. "आडनाव काय? मूळ गाव कोणतं?" मुंबईहून, जळगावहून, कधी थेट परदेशातून अस्थिकलश घेऊन आलेलं कुटुंब इथे जरा गोंधळतं. आता राहतो ते गाव सांगायचं, वडिलांचा जन्म झाला ते, की आजोबा ज्या गावाच्या शेताबद्दल बोलायचे ते? गुरुजी मात्र मूळ गावावरच अडून बसतात. त्यांच्याकडची वही उघडते ती गावाच्या नावानं.

गाव सापडलं की आडनाव, आडनाव सापडलं की घराणं. मग पिवळ्या पडलेल्या पानावर बोट ठेवून गुरुजी वाचू लागतात. अमुक सालच्या सिंहस्थाला पणजोबा आले होते, सोबत दोघे भाऊ होते, आईच्या अस्थी आणल्या होत्या. दुःखात आलेलं कुटुंब त्या पानाभोवती गोळा होतं. घरात ज्याचा एक फोटोसुद्धा नाही, त्या माणसाचं हस्ताक्षर समोर असतं.

राजाज्ञा आणि यजमान

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात पूर्वज शोधायचे असतील, तर माणूस आधी तिथल्या चर्चची नोंदवही गाठतो. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं लिहून ठेवावीत. १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. १८४१ पासूनच्या जनगणनेत घरटी माणसांची नावं आहेत आणि शंभर वर्षं उलटली की ती लोकांसाठी खुली होतात. त्यामुळे साध्या शेतमजुराचंही घराणं तिथे बरंच मागे नेता येतं.

आपल्याकडे असा एक हुकूम कधी निघाला नाही. गावोगावच्या देवळांनी जन्म-मृत्यू लिहून ठेवले नाहीत. आपल्याकडे नावं जमा झाली ती तीर्थाच्या ठिकाणी. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार अशा क्षेत्रांतल्या उपाध्यायांच्या घराण्यांनी यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. नाशिककर त्यांना नामावळी म्हणतात. कोणत्या गावाचे आणि कोणत्या समाजाचे यजमान कोणत्या उपाध्यायांकडे, ही वाटणी जुनी आहे. म्हणून रामकुंडावर पहिल्या भेटलेल्या गुरुजींकडे तुमचं पान असेलच असं नाही; ते तुम्हाला योग्य घराचा पत्ता सांगतात.

नोंदीत साधारणपणे काय असतं? येणाऱ्याचं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं, मूळ गाव, सध्याचा मुक्काम, येण्याचं कारण, तिथी आणि शेवटी सही. पुढच्या वेळी घरातलं कुणी आलं की आधीची नोंद वाचून दाखवली जाते आणि तिच्याखाली मधल्या काळातले जन्म, लग्नं, मृत्यू भरले जातात. उपाध्यायांच्या दृष्टीनं ही वही म्हणजे यजमानाशी असलेल्या नात्याचा पुरावा. कुटुंबाच्या दृष्टीनं ती वंशावळ. दोघांनाही तिची गरज होती, म्हणून ती टिकली.

या वह्यांचं मोल अभ्यासकांना किती वाटावं याचं एक ठळक उदाहरण आहे. पहाडी चित्रशैलीतल्या नामवंत चित्रकारांची घराणी अंधारात होती. कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी हरिद्वारच्या पंड्यांकडे, म्हणजे तिथल्या उपाध्यायांकडे गेले आणि त्यांच्या वह्यांमधून त्यांनी नैनसुख या चित्रकाराच्या कुटुंबाचा वृक्ष उभा केला. आपल्या आश्रयदात्या राजाच्या अस्थी घेऊन नैनसुख १७६३ मध्ये हरिद्वारला गेला होता. तिथल्या वहीत त्याची नोंद आहे आणि नोंदीसोबत त्यानं काढलेलं रेखाचित्रही आहे. १९६८ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात गोस्वामींचा लेख आला आणि पहाडी चित्रकलेकडे राज्यांनुसार नव्हे, तर घराण्यांनुसार पाहण्याची वाट मोकळी झाली.

मोडी, बिन आणि कोम

जुनं पान सापडलं तरी ते वाचता येईलच असं नाही. बरीच पानं मोडीत असतात. आधी आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं, अशी ही लिपी. शब्द तोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे एक नाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्यानंच ठरवायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांत मोडी शिकवली जाई, म्हणून आजोबांना ती येत होती आणि नातवाला येत नाही. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. घराण्याचे कागद असलेल्या प्रत्येक घरातून एकानं तरी ती शिकावी, असं मला मनापासून वाटतं.

काही शब्द आधीच ओळखीचे करून घ्यावेत. 'तुकोजी बिन राणोजी' म्हणजे राणोजीचा मुलगा तुकोजी. 'वलद' हा शब्दही त्याच अर्थाचा. 'सावित्री कोम गोविंद' म्हणजे गोविंदाची बायको सावित्री. 'भ्रतार' आणि 'जोजे' हे शब्दही पती-पत्नीचं नातं सांगतात. आडनाव बऱ्याचदा नसतंच. एकाच घराण्याची एक शाखा पाटील, दुसरी गावावरून अमुककर आणि तिसरी मूळ कुळाच्या नावानं, असंही दिसतं. आडनाव जुळतं म्हणून घराणं जोडायचं आणि जुळत नाही म्हणून तोडायचं, या दोन्ही चुका नवशिक्याच्या हातून होतात. गावच्या जुन्या कागदावर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी दिसते. ती सहीच असते.

तारखांचंही तसंच. शक असेल तर ७८ मिळवायचे. सुहूर सन, म्हणजे अरबी सन असेल तर ५९९ किंवा ६००, आणि फसली असेल तर ५९० किंवा ५९१. सुहूर आणि फसली ही सालं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात, म्हणून एका वर्षाचा फरक पडतो. सुहूर सन आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार. सन ११७१, इसवी सन १७७०-७१.

तहसिलीतला वंशवृक्ष

नामावळीत गावाचं नाव मिळालं की दुसरा टप्पा सरकारी दफ्तराचा. शेती असलेल्या घराण्याला सातबाऱ्यापासून सुरुवात करता येते. सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक धरून मागे मागे गेलं की गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही लागते. कुणी वारलं की वारस लागतात आणि वारसांची नावं तिथे एका ओळीत मिळतात. त्यामागे कडईपत्रक, हक्कनोंदणी, पाहणीची कागदपत्रं. नाशिकसह काही जिल्ह्यांतल्या अशा जुन्या अभिलेखांच्या स्कॅन प्रती महसूल विभागानं ऑनलाइन पाहण्यासाठी उपलब्ध केल्या आहेत.

जमीन नसलेल्यांनाही वाट आहे. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूची नोंद असते. त्यात बाळाच्या नावाऐवजी बऱ्याचदा नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेलं दिसतं, कारण नोंद आधी होते आणि बारसं नंतर. अशा वेळी बापाचं नाव आणि तिथी यांवरून माणूस ओळखावा लागतो. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टरही असंच उपयोगी. त्यात जन्मतारीख, जात, पूर्वीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण सापडतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हीच रजिस्टरं कपाटांतून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या कागदांकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नव्हतं, त्यांचं मोल त्या दिवसांत घराघरांत कळलं.

नाशिककरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी आजचे बहुतेक तालुके अहमदनगर जिल्ह्यात होते आणि मालेगाव, नांदगाव, बागलाण हा पट्टा खानदेशात. त्यामुळे त्याआधीचा कागद नाशिकच्या नावाखाली शोधणाऱ्याच्या हाती निराशाच येते. पेशवाईत पाटीलकी, कुलकर्ण, इनाम असं काही वतन घराण्याकडे असेल, तर पुण्याच्या पेशवे दफ्तरापर्यंत जाता येतं. तिथे मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. १८५२ च्या कायद्यानं नेमलेल्या इनाम कमिशननं वतनदारांकडून हक्काचे पुरावे मागितले होते. त्या निमित्तानं अनेक घराण्यांनी आपल्या वंशावळी सरकारात दाखल केल्या.

एका कागदावर मात्र विसंबू नये. नामावळीतली नोंद सांगणाऱ्याच्या आठवणीवर उभी असते आणि वारसनोंदीत कधी भांडण दडलेलं असतं. न्यायालयंसुद्धा तीर्थावरच्या वह्या इतर पुराव्यांशी ताडूनच पाहतात. दोन वेगळ्या ठिकाणच्या नोंदी जुळल्या, तरच नाव पक्कं धरावं.

जे पानावर आले नाहीत

शोध जसा पुढे जातो, तशी झाडाची एक बाजू रिकामी दिसू लागते. ती बायकांची.

श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांच्यासोबत आई, आजी, पणजी यांचीही नावं उच्चारावी लागतात, आईच्या वडिलांचं घराणंही येतं. त्यामुळे तीर्थावरच्या वहीत स्त्रियांना थोडी तरी जागा मिळाली. पण लग्नात नाव बदललेलं, माहेरचं आडनाव गेलेलं. मंजुळा सासरी येऊन लक्ष्मी झाली, की मंजुळेचा माग संपतो. जमिनीच्या कागदावर तर ही पुसट रेघ कशी मिटते ते डोळ्यांनी दिसतं. बापाच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात भावांबरोबर बहिणींची नावं लागतात आणि पुढच्याच एखाद्या फेरफारात हक्कसोड होऊन ती निघून जातात. मात्र तो फेरफार राहतो. पणजीच्या बहिणी किती होत्या आणि कुठल्या गावी दिल्या होत्या, याचा सुगावा मला वाटतं त्याच नोंदीत शोधावा.

तीर्थाची पायरीच ज्यांना नाकारली गेली, त्यांचं काय? रामकुंड ज्या पंचवटीत आहे, तिथेच २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या समाजाला देवळाच्या दाराशी अडवलं, त्याचे पूर्वज बऱ्याचदा दुसऱ्या कागदांत शोधावे लागतात. महार वतनाच्या जमिनींची दफ्तरं, कोतवाल बुकं, सैन्यातल्या सेवेच्या नोंदी, शाळेची रजिस्टरं. १८३४ नंतर कराराचे मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांची नोंद मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिच्यात बापाचं नाव आणि मूळ गावही लिहिलेलं असतं. तिथले मराठी भाषक आजही त्या आधारे आपलं गाव शोधतात.

आणि नाशिकच्या शरणपूर रोडला ज्यामुळे नाव मिळालं, ते शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवलेल्या या ख्रिस्ती वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकली. मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही तो हजर होता. पुढे शरणपूरची काही मंडळी मोंबासाजवळच्या फ्रेरटाउनला जाऊन वसली. केनियातल्या एखाद्या घराण्याच्या वंशवृक्षाचं एक पान असं नाशिकला येऊन टेकतं. त्या मुलांच्या आईबापांची नावं गुलामांच्या व्यापाऱ्यांनी लिहून ठेवली नाहीत. मिशनच्या कागदांत सापडतात ती त्यांना दिलेली नवी नावं.

आपली ओळ

या सगळ्या वह्या पाहिल्यावर एक गोष्ट मनावर ठसते. इंग्लंडात पाद्री लिहीत होता, कारण त्याला हुकूम होता. आपल्याकडे नाव टिकलं ते घरातलं कुणीतरी चालत, बैलगाडीनं, पुढे रेल्वेनं गोदावरीकाठी आलं आणि त्यानं ते सांगितलं म्हणून. ज्या पिढीनं येणं किंवा सांगणं सोडलं, तिच्या जागी पानावर कोरी जागा आहे. आता अस्थी जवळच्या नदीत सोडून परतणारी कुटुंबं वाढली आहेत, मुलं दूर देशी आहेत. कोरी जागा वाढण्याची भीती खरी आहे.

म्हणून सुरुवात घरातून करावी. आजी-आजोबांसमोर वही घेऊन बसावं आणि प्रत्येक नावापुढे गाव विचारावं. जुने दाखले, खरेदीखतं, लग्नपत्रिका, देवघरातल्या पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या जन्मतिथी यांचे फोटो काढावेत. आत्याला, मावशीला जास्त विचारावं. माहेर आणि सासर अशी दोन घरं त्यांच्या बोलण्यात येतात.

२०२६-२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. लाखो कुटुंबं गोदाकाठी येतील. त्यांतल्या ज्यांना शक्य आहे त्यांनी अर्धा तास काढून आपलं पान उघडवून घ्यावं, मधल्या पिढ्या भराव्यात, आणि या वेळी एक बदल करावा. सुनेचं नाव लिहिताना तिचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव आणि तिचं गावही लिहायला सांगावं. मुलींची नावं मुलांच्या बरोबरीनं, त्याच ओळीत लिहावीत. आणि खाली सही करायची वेळ येईल तेव्हा वही घरातल्या मुलीकडे सरकवावी. शंभर वर्षांनी रामकुंडावर आपलं पान उघडणाऱ्या कुणाला खापरपणजीचं नाव विचारावं लागणार नाही. तिची सही समोर असेल.