किल्ली कोणाच्या हातात?

दरवर्षी १२ जानेवारीला, शिवरायांच्या आई जिजाऊंच्या जयंतीला, सिंदखेडराजात माणसांचा पूर लोटतो. त्यांचे वडील लखुजीराव जाधव यांच्या वाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर तसबिरी मांडलेल्या असतात. त्यांतली एक मी लहानपणापासून पाहत आलो आहे: परकर नेसलेली छोटी जिजाऊ, हातात तलवार. ही तलवार तिनं मागून घेतली, की चित्रकारानं दिली? हा प्रश्न मला आजवर सोडत नाही.

जिजाऊंचं समकालीन चित्र उपलब्ध नाही. म्हणून सतराव्या शतकात इतर ठिकाणी राजघराण्यातली मुलं कशी रंगवली गेली, ते मी पाहू लागलो. युरोपात तो बरोक शैलीचा काळ. स्पेनची राजकन्या मार्गारीटा १६५१ची. दरबारी चित्रकार व्हेलास्केसनं रंगवलेली तिची चित्रं व्हिएन्नाला रवाना होत, कारण तिथल्या सम्राट लिओपोल्डशी तिचं लग्न ठरत होतं. तो तिचा सख्खा मामा. १६५९च्या चित्रात निळ्या घेरदार झग्यात ती आठ वर्षांची पोर जवळजवळ हरवून गेली आहे. झगा घराण्याचा, दागिने घराण्याचे. तिचे स्वतःचे म्हणावेत असे फक्त डोळे.

आपल्या दख्खनेत या जातीचं चित्र आहे ते विजापूरचं. ते साधारण १६८०चं. कमाल मुहम्मद आणि चांद मुहम्मद या दोघांनी मिळून कागदावर रंग, सोनं आणि चांदी वापरून ते केलं. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आदिलशाही घराण्याचे सुलतान त्यात एकत्र बसले आहेत. ही बैठक कधीच भरली नव्हती, कारण मूळपुरुष यूसुफ १५१० सालीच वारला होता. इराणचा शाह इस्माईल यूसुफला राज्याधिकाराची किल्ली देतो आहे. आणि एका टोकाला आहे या घराण्याचा शेवटचा वारस, कोवळा सिकंदर.

सिकंदर १६७२ साली तख्तावर आला तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या वेळी सहा वर्षांचा. त्याच्या नावानं कारभार आधी खवासखानानं केला, मग बहलोलखानानं, मग सिद्दी मसूदनं. दख्खनी आणि पठाण सरदार एकमेकांच्या उरावर बसले होते. अशा वेळी मुलाच्या मागे पूर्वजांची रांग उभी करावी लागली. मला हे चित्र वैभवाचं वाटत नाही, धास्तीचं वाटतं. किल्ली मुलाच्या हातात नाही. ती अजून दोन मृत पुरुषांच्या हातांत आहे.

पण या चित्रानं मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते त्यात नसलेल्या व्यक्तीमुळे. सिकंदरची बहीण शहरबानू, लोकांची पादशाहबीबी. १६७९ साली, चित्राच्या आगेमागेच, मोगल सरदार दिलेरखानाच्या मागणीवरून तिला मोगलांच्या छावणीत पाठवलं गेलं आणि पुढे औरंगजेबाचा मुलगा शाहजादा आझमशी तिचं लग्न झालं. तिला देऊनही विजापूरवरची स्वारी टळली नाही. १२ सप्टेंबर १६८६ रोजी सिकंदर औरंगजेबाला शरण गेला. घराण्याची खरी किंमत बहिणीनं मोजली, आणि घराण्याच्या चित्रात तिला जागा नाही.

तेव्हापासून राजघराण्यातल्या मुलाचं चित्र मी हातांपासून वाचतो. हातात काय आहे? ते कोणी दिलं? चेहऱ्याकडे त्यानंतर जावं.

याच नजरेनं बखरींतली रंगपंचमीची हकीकत पुन्हा वाचली. शहाजी आणि जिजाऊ, दोन्ही पोरं शेजारी बसलेली. जोडा छान शोभतो, असं लखुजीराव सहज बोलून गेले आणि शहाजीचे वडील मालोजी यांनी तो शब्द धरून ठेवला. दोघांच्या लग्नापर्यंतचं पुढचं राजकारण आपण सारे जाणतो. आपण आठवणीत ठेवली ती मोठ्यांची बोलाचाली. पण त्याच हकीकतीत, वडिलांच्या तोंडून तो शब्द निघण्याआधी, एक क्षण फक्त त्या मुलीचा आहे. शहाजीनं रंग टाकला आणि तिनंही मूठ भरून त्याच्यावर उधळला.

तसबिरीतली तलवार पुढच्या जिजाऊंची आहे, आणि ती त्यांना शोभते. पण सिंदखेडच्या पोरीचं चित्र कोणी काढणार असेल तर तिच्या मुठीत रंग द्यावा. तो तिला कोणी दिला नव्हता. तिनं स्वतः उचलला होता.